पाठमोरा हॉगन: मेरियन, १९५०

या फोटोत चेंडू दिसत नाही. खेळाडूचा चेहरा दिसत नाही. ज्या होलकडे सगळे डोळे लावून बसलेत तेही नीट हेरता येत नाही. तरीही गोल्फचा एकच कृष्णधवल फोटो आठवायला सांगितला, तर बहुतेक जाणकार हाय पेस्किनच्या याच फोटोचं नाव घेतील: अमेरिकी गोल्फपटू बेन हॉगन, यूएस ओपन स्पर्धा, अमेरिकेतल्या मेरियन गोल्फ क्लबचा अठरावा, म्हणजे शेवटचा होल, १० जून १९५०. क्रिकेटच्या मैदानावर चारशे-सहाशेची लेन्स लावून सीमारेषेशी बसायची सवय असलेल्या आपल्याकडच्या फोटोग्राफरने गोल्फ स्पर्धेला जाण्याआधी हा फोटो नीट उलगडून पाहावा, असं मला फार दिवस वाटत आलंय.

आधी परिस्थिती. २ फेब्रुवारी १९४९ ला टेक्सासमध्ये व्हॅन हॉर्नजवळ, धुक्यात, ट्रकला ओलांडून पुढे येणारी ग्रेहाउंड बस हॉगनच्या गाडीवर समोरून आदळली. शेजारी बसलेल्या पत्नीला, व्हॅलरीला, वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर झेपावला आणि त्यामुळेच स्वतःही वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या झालेल्या सीटमध्ये घुसला होता. ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गळपट्टीचं हाड, घोटा आणि बरगडी यांनाही फ्रॅक्चर. पुढे पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्या फुप्फुसाकडे जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीरच बांधून टाकली. त्यानंतर फार चाललं की पाय सुजत. तो पायांना पट्ट्या गुंडाळून खेळायचा.

आणि यूएस ओपनचा शेवटचा दिवस तेव्हा ३६ होलचा असे: सकाळी अठरा होलची एक पूर्ण फेरी, दुपारी दुसरी. (हा प्रकार १९६४ पर्यंत चालला. १९६५ पासून स्पर्धा चार दिवसांची झाली.) अपघाताला सोळा महिने झालेला माणूस एका दिवसात दोनदा सगळं मैदान पायी फिरणार होता. ही स्पर्धेची पन्नासावी खेप. पहिल्याच दिवशी ली मॅकी नावाच्या, फारसं कुणी न ऐकलेल्या खेळाडूने ६४ फटक्यांचा विक्रमी स्कोअर केला (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं) आणि दुसऱ्या दिवशी ८१ मारून सगळ्यांना परत जमिनीवर आणलं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांना कोणाच्या मागे पळावं लागलं असेल, याचा विचार केला की आजही हसू येतं.

शनिवारी दुपारी हॉगन आघाडीवर होता, पण शेवटच्या होल्सवर ती आघाडी गळत गेली. सतराव्यावर बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त. लॉईड मॅन्ग्रम आणि जॉर्ज फॅझिओ चार फेऱ्यांत एकूण २८७ फटक्यांवर खेळ संपवून बसलेले. हॉगनला त्यांच्या बरोबरीने प्लेऑफला, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीला जायचं तर अठराव्या होलवर पार, म्हणजे ठरलेले चार फटके, हवेतच. हा होल ४५८ यार्डांचा. त्याचा टी शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चांगला बसला. पुढे ग्रीन, होलभोवतीची बारीक गवताची जागा, सुमारे दोनशे यार्डांवर. त्याने एक नंबरची आयर्न काढली. आजच्या बहुतेक खेळाडूंच्या बॅगेत सापडणारही नाही, इतकी मारायला कठीण काठी. चेंडू ग्रीनवर पोचला, होलपासून सुमारे चाळीस फुटांवर थांबला, दोन पटमध्ये, म्हणजे ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत, आत गेला. चार.

पेस्किनचा फोटो या आयर्नच्या फटक्यानंतरचा आहे. काठी डाव्या खांद्यावरून मागे गेलेली, वजन पूर्ण डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली, बुटाच्या तळाचे खिळे दिसतात. डोक्यावर त्याची ती पांढरी कॅप. समोर फेअरवे, आणि पालखीला वाट करून द्यावी तशी दुतर्फा उभी गर्दी, थेट ग्रीनपर्यंत, ग्रीनला वेढा घालून. मागे झाडं. बस.

आता फोटोग्राफर म्हणून बघू. सगळ्यात आधी वेळ. गोल्फचा फोटो म्हटलं की नवख्या माणसाला आघाताचा क्षण हवा असतो: काठी चेंडूला लागतेय, माती उडतेय. त्या क्षणाचं गणित क्रूर आहे. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब काठीचं, डोकं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ५० मीटर जातं. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श अर्ध्या मिलीसेकंदाइतका. १/१००० च्या शटरमध्ये काठी पाच सेंटिमीटर सरकते. चेंडू त्याहून वेगवान, त्याच्या स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त लांब पुसला जातो. म्हणून १/४००० किंवा त्याच्याही पुढे जावं लागतं. आणि कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम घेत असला तरी दोन फ्रेमच्या मधे काठी अडीच मीटर पुढे गेलेली असते. बटण दाबून धरलं म्हणजे आघात मिळाला, असं होत नाही. तो बऱ्याच अंशी नशिबाचा भाग.

पेस्किनने जो क्षण पकडला तो या सगळ्यातून मोकळा आहे. फटका संपल्यावर चांगला खेळाडू सेकंदभर तसाच उभा राहतो. हॉगन तर पुतळ्यासारखा. काठी थांबलेली, डोकं स्थिर. गर्दीही स्थिर, कारण तिला चेंडू दिसतोय. त्या सेकंदात मैदानावर वेगाने हलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे चेंडू, आणि तो फ्रेममध्ये नाही. म्हणजे त्या काळच्या फिल्मवर, त्या काळच्या शटरवर हा फोटो तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हता. इथे ताशी १८० किलोमीटरला गोठवायचं नव्हतं. उभ्या माणसाचा फोटो काढायचा होता. फोटोची सगळी किंमत उभं राहण्याच्या जागेत आहे.

आणखी एक फायदा, जो आज जास्त कळतो. गोल्फमध्ये फटक्याआधी शटरचा आवाज झाला तर फोटोग्राफरची धडगत नसते. टायगर वूड्सचा कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारा साथीदार) स्टीव्ह विल्यम्स याने २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्किन्स गेम या सामन्यात एकाचा कॅमेरा सरळ तळ्यात भिरकावला होता. आरशाच्या कॅमेऱ्यांच्या काळात नियम साधा होता: काठी चेंडूला लागल्याशिवाय बोट दाबायचं नाही. आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक शटर मुकं असतं. पण सुरुवातीला त्यात दुसरंच झेंगट निघालं: सेन्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचला जायचा, तेवढ्यात काठी पुढे जायची आणि फोटोत केळ्यासारखी वाकलेली दिसायची. २०१७ च्या सोनी ए९ सारख्या वेगाने वाचणाऱ्या सेन्सरांनी ते बरंच आटोक्यात आणलं. ए९ थ्री या कॅमेऱ्यात तर सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, म्हणजे वाकण्याचा प्रश्नच संपला. म्हणून आज बॅकस्विंगच्या, म्हणजे काठी मागे उचलण्याच्या, शिखरावरचे फोटो मिळतात, जे पूर्वी निषिद्ध होते. पण फॉलो-थ्रूला, फटका लागून गेल्यानंतरच्या त्या क्षणाला, यातलं काहीच लागत नाही. चेंडू गेलेला असतो, तुम्ही कितीही खडखडाट करा. शिष्टाचार आणि चांगली फ्रेम एकाच बाजूला असण्याची ही दुर्मीळ वेळ.

आता जागा. पेस्किन हॉगनच्या मागे आहे, जवळजवळ चेंडूच्या रेषेत. गोल्फच्या शिष्टाचारात ही जागा वाईट मानली जाते. नियमपुस्तकाच्या शिष्टाचाराच्या भागात कित्येक वर्षं स्पष्ट लिहिलेलं होतं की कुणी फटका मारायच्या बेतात असताना चेंडूच्या थेट मागे किंवा होलच्या थेट मागे उभं राहू नये. डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल दिसते म्हणून. हे खेळाडूंसाठी लिहिलेलं होतं, पण प्रेसलाही तेच समजावलं जातं. अंतर राखलं, पुतळ्यासारखं उभं राहिलं, तर चालून जातं. मी म्हणेन की हीच खरी कारागिरी: नको त्या जागेवर जाऊन नसल्यासारखं होणं.

पेस्किनला ही जागा मिळाली याचं एक कारण काळात आहे. यूएस ओपनमध्ये टीपासून ग्रीनपर्यंत सबंध मैदानाला गर्दी अडवणारे दोर लागले ते १९५४ मध्ये न्यू जर्सीतल्या बाल्टुसरॉल क्लबला. देशभर टीव्हीवर दिसलेली पहिली यूएस ओपनही तीच. १९५० ची गर्दी म्हणून एवढी मोकळी, एवढी जवळ वाटते. आज तिथे दोराच्या आत जाण्यासाठी दंडावर पट्टी लागते, आणि पट्टी असली तरी बहुतेक स्पर्धांत दोरापासून हातभर अंतरातच राहायचं असतं. फेअरवेच्या मधोमध जाऊन उभं राहिलात तर मार्शल ओरडायच्या आधी टीव्हीवाला ओरडेल. मास्टर्स स्पर्धा होते त्या ऑगस्टाला तर दोराच्या आत फोटोग्राफरला प्रवेशच नाही.

पण काळाचा फायदा त्या दिवशी मेरियनवर सगळ्यांनाच होता. कॅमेरे इतरांच्या हातातही होतेच. पेस्किन वेगळा होता तो सवयीमुळे. ब्रुकलिनचा हा माणूस प्रेसला दिलेल्या जागेत बसून राहणारा नव्हता. बेसबॉल असो की मुष्टियुद्ध, उठून भलत्या कोनातून बघायला जाणं ही त्याची ख्याती. पुढे १९५४ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने पगारावर घेतलेला पहिला फोटोग्राफर तोच. त्याआधी १९५३ मध्ये लाइफच्या मुखपृष्ठावर तरुण सिनेटर केनेडी आणि जॅकलिन शिडाच्या नावेत बसलेले दिसतात, तेही त्याचंच काम.

लाइफ या नावावर जरा थांबायला हवं, कारण मेरियनलाही पेस्किन लाइफसाठी गेला होता. लाइफ साप्ताहिक. दैनिकाच्या फोटोग्राफरला त्या संध्याकाळी काय हवं होतं? पट आत जातानाचा हॉगन, किंवा कॅप काढून हसणारा हॉगन, कारण उद्या सकाळी वाचकाला निकाल कळायचा आहे. साप्ताहिकाच्या वाचकाला निकाल आधीच माहीत असतो. रेडिओने सांगितलेला असतो, वर्तमानपत्राने छापलेला असतो. त्याला निकालाचा फोटो दाखवणं म्हणजे शिळी बातमी. त्याला निकालाच्या आधीचा क्षण परत जगायला द्यायचा असतो. चेंडू हवेत आहे, कुणालाच काही माहीत नाही, आणि तुम्ही हॉगनच्या मागे उभे राहून त्याच्याबरोबर बघताय. पेस्किनने असा विचार करून ती जागा घेतली की अंगभूत सवयीने, हे मला ठरवता येत नाही. पण कोणत्याही स्पर्धेला निघताना ‘माझा फोटो कधी छापला जाणार’ हा प्रश्न ‘कुठली लेन्स नेऊ’ याच्या आधी विचारावा, हे मी या फोटोवरून शिकलो. आज फोटो दहा मिनिटांत फोनवर जातो, तरी हा प्रश्न सुटत नाही. उलट जास्त बोचरा होतो, कारण निकाल तर लाइव्ह स्कोअरवर आधीच पोचलेला असतो.

समोरून काढला असता तर? समोर, ग्रीनच्या बाजूला उभं राहून लांब लेन्सने हॉगनचा चेहरा. मला वाटतं, काही मिळालं नसतं. हॉगनच्या चेहऱ्यावर काही न दिसणं हीच त्याची ओळख होती. स्कॉटिश प्रेक्षकांनी पुढे १९५३ मध्ये त्याला बर्फाचा माणूस म्हटलं ते उगीच नाही. पाठीमागून घेतल्यावर जे त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं ते समोरच्या गर्दीला करावं लागलं. शिवाय मागून त्याचे पाय दिसतात. ज्या पायांसाठी डॉक्टरांनी शीर बांधली, त्यांच्यावर तोल धरून तो उभा आहे. अपघाताची कथा माहीत असलेल्या वाचकाला, आणि १९५० मध्ये ती सगळ्यांनाच माहीत होती, तो डावा पाय पुरेसा आहे.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०१० ची युरोप आणि अमेरिका यांच्यातली रायडर कप, वेल्समधलं सेल्टिक मॅनर. मार्क पेन हा ब्रिटिश फोटोग्राफर टायगर वूड्सच्या समोर होता. वूड्सचा छोटा चिप, म्हणजे ग्रीनजवळून उचलून मारलेला फटका, चुकला आणि चेंडू थेट कॅमेऱ्यावर येऊन आदळला. त्याआधीची फ्रेम पेनला मिळाली: हवेत गोठलेला चेंडू लेन्सकडे येतोय, मागे वूड्स, मागे गर्दी. गंमत म्हणजे लोकांनी त्यात चेंडूपेक्षा गर्दीतला सिगार तोंडात धरलेला एक माणूसच उचलला आणि तो इंटरनेटभर फिरला. समोरच्या जागेत चेंडू, चेहरा, धोका सगळं मिळतं, पण ते हुकमी नसतं. खेळाडू नेहमी तुमच्यासाठी चुकत नाही. पेस्किनची जागा मात्र दर फटक्याला काहीतरी देते.

आपल्याकडे हा धडा थेट लागू होत नाही, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करावं. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर किंवा चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर ज्यांनी व्यावसायिक स्पर्धा पाहिल्या आहेत त्यांना माहीत आहे की शेवटच्या दिवशीसुद्धा अठराव्या ग्रीनभोवती माणसं मोजता येतात. उदयन मानेसारखा पुण्याचा खेळाडू टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला, तरी प्रेक्षकांच्या गर्दीचा आकार फारसा बदललेला नाही. पाठमोरा खेळाडू आणि समोर रिकामं गवत, असा फोटो केविलवाणा दिसतो. तेव्हा गर्दीचं काम दुसऱ्या कशाला तरी करावं लागतं. चेंबूरला ते आसपासचे टॉवर करतात, दिल्ली गोल्फ क्लबवर फेअरवेशेजारचे जुने मकबरे. थंडीतल्या सकाळी पहिल्या ग्रुपबरोबर निघालात तर तिरपं ऊन आणि लांब सावल्या ते काम करतात, पण तासा-दीड तासात ऊन वर येतं, कॅपच्या छज्जाखाली डोळे काळे पडतात आणि पांढरे टी-शर्ट जळू लागतात. तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवून, पुन्हा पाठमोरं जावं. पाठीमागून निदान डोळ्यांची काळजी राहत नाही.

चालण्याचाही हिशेब ठेवा. एका फेरीत सहा-सात किलोमीटर, वर फोटोग्राफर कायम आडव्या वाटेने जातो म्हणून त्याहून जास्त. एकच ग्रुप धरून ठेवायचा की दोन-तीन होल्सच्या बेचक्यात उभं राहून सगळ्यांची वाट बघायची, हा निर्णय सकाळीच घ्यावा लागतो. दैनिकासाठी दुसरा पर्याय बरा. कथा हवी असेल तर पहिलाच. मेरियनला त्या दुपारी पुढे मॅन्ग्रम आणि फॅझिओ २८७ वर संपवून गेले होते. अठराव्यावर हॉगनच्या मागे असण्यासाठी त्यांची कथा सोडून द्यायला लागते. प्लेऑफ कोण जिंकेल हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

इथेच या फोटोची एक खोड सांगायला हवी. पुष्कळ ठिकाणी तो ‘हॉगनला यूएस ओपन जिंकून देणारा फटका’ म्हणून छापला जातो. तसं ते नव्हतं. त्या फटक्यामुळे फक्त तिघांची बरोबरी झाली. विजय रविवारी, ११ जूनला, अठरा होलच्या प्लेऑफमध्ये मिळाला: हॉगन ६९, मॅन्ग्रम ७३, फॅझिओ ७५. त्या प्लेऑफचं खरं नाट्य सोळाव्या ग्रीनवर घडलं. हॉगनपेक्षा एकाच फटक्याने मागे असलेल्या मॅन्ग्रमने चेंडूवर बसलेला किडा फुंकून टाकण्यासाठी चेंडू उचलला आणि त्याला दोन फटक्यांचा दंड बसला. त्या किड्याचा फोटो कुणालाच आठवत नाही. पेस्किनच्या फ्रेमने रविवार गिळून टाकला.

हॉगनला स्वतःला या फटक्याचं एवढं कौतुक रुचलं नव्हतं. सात वर्षांनी त्याने लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की प्रेक्षकांना त्यात काहीतरी प्रेरित, अद्भुत दिसतं, पण आपल्या लेखी तो वर्षानुवर्षं घोटलेल्या फटक्यांपैकीच एक होता. गंमत म्हणजे त्याच लिखाणात काठी दोन नंबरची म्हटली आहे. खुद्द काठी साक्षीला नव्हती: ती आणि त्याचे बूट त्याच दिवशी चोरीला गेले होते. १९८३ मध्ये ती सापडली. तिच्या पात्यावर मध्यभागी नाण्याएवढी झिजलेली जागा आहे, आणि आता ती यूएसजीएच्या, म्हणजे अमेरिकी गोल्फ संघटनेच्या, संग्रहालयात आहे. एक नंबरचीच. फेअरवेवर त्या जागी आज फलक आहे. २०१३ मध्ये यूएस ओपन मेरियनला परतली तेव्हा जस्टिन रोझचा शेवटचा टी शॉट त्या फलकाच्या जवळच थांबला. तोवर होल ५२१ यार्डांचा झाला होता. त्याने चार नंबरची आयर्न मारली, पार केला, आणि त्याला प्लेऑफची गरज पडली नाही.

म्हणून फोटो पुन्हा कुठे छापणार असाल, तर खालची ओळ अशी लिहा: बेन हॉगन, यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत मेरियन गोल्फ क्लबच्या अठराव्या होलवर एक नंबरच्या आयर्नने ग्रीनकडे दुसरा फटका मारल्यानंतर, १० जून १९५०. या होलवर पार करून त्याने लॉईड मॅन्ग्रम आणि जॉर्ज फॅझिओ यांच्याशी २८७ वर बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. छायाचित्र: हाय पेस्किन.